मॉड्रिचनंतर कोण? मुरलेला फुटबॉल संघ टप्प्याटप्प्याने कसा बदलायचा

४ मे २०२२ ची रात्र. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, मैदान माद्रिदचंच बर्नाबेउ, आणि मँचेस्टर सिटीसमोर रियाल माद्रिद दोन सामन्यांच्या एकूण गोलांत मागे. ६८व्या मिनिटाला माद्रिदचे प्रशिक्षक आन्चेलोत्तींनी टोनी क्रूसला बाहेर बोलावलं. ७५व्या मिनिटाला लुका मॉड्रिच आणि कासेमिरोही बाहेर आले. २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीन युरोपीय चषक जिंकून देणारी अख्खी मधली फळी बाकावर बसली. मैदानात १९ वर्षांचा कामाव्हिंगा होता आणि क्रूसच्या जागी आलेला २१ वर्षांचा रॉड्रिगो. त्याने ९०व्या आणि ९१व्या मिनिटाला गोल केले, सामना जादा वेळेत गेला आणि माद्रिदने जिंकला.

त्या रात्रीची आठवण चमत्कार म्हणून काढली जाते. संघबांधणीच्या नजरेने पाहिलं, तर ती आधीच चालू असलेल्या बदलाची एक झलक होती. ज्येष्ठ खेळाडू बदलणं म्हणजे एका उन्हाळ्यात एक नाव खोडून दुसरं लिहिणं नव्हे. बदलायची असतात ती मैदानावरची मिनिटं, तीही दोन-तीन हंगामांत आणि जुना खेळाडू अजून चांगला खेळत असताना. पुढचे टप्पे या एका गोष्टीभोवतीच फिरतात.

पहिलं काम: मिनिटांची वही

संघाचं सरासरी वय म्हणून जो आकडा छापून येतो, तो फसवा असतो. त्यात तिसरा गोलरक्षक आणि कधीच न खेळणारी १८ वर्षांची पोरंही धरलेली असतात. त्यापेक्षा प्रत्येक खेळाडूचं वय त्याने खेळलेल्या मिनिटांनी गुणा, बेरीज करा आणि एकूण मिनिटांनी भागा. समजा मधल्या फळीत तिघे आहेत: ३४ वर्षांचा २,७०० मिनिटं खेळला, ३१ वर्षांचा २,४०० आणि २२ वर्षांचा ९००. साधी सरासरी २९ येते. मिनिटांची सरासरी मात्र ३१ येते. खरं दुखणं या दोन आकड्यांमधल्या फरकात असतं.

३८ सामन्यांच्या लीगमध्ये एका जागेची ३,४२० मिनिटं होतात, अकरा जागांची ३७,६२०. गोलरक्षक, बचावफळी, मधली फळी आणि आघाडी यांचा हिशेब वेगवेगळा मांडा, कारण वय सगळीकडे सारखं बोचत नाही. ढोबळ मानाने बगलेवरून धावणारा आघाडीपटू २८-२९ नंतर मंदावायला लागतो. मधल्या फळीतला खेळाडू ३०-३१ पर्यंत टिकतो, मधला बचावपटू ३२-३३ पर्यंत, आणि गोलरक्षक ३६-३७ लाही कामाचा असतो. मॉड्रिचसारखे अपवाद असतात. पण अपवादावर आखणी करायची नसते, तो आपल्या वाट्याला आला तर नशीब म्हणायचं.

एखाद्या फळीतली निम्म्याहून जास्त मिनिटं तिशी ओलांडलेल्यांच्या पायांवर असतील, तर घड्याळ सुरू झालं आहे. त्या फळीकडे फार तर दोन हंगाम आहेत असं समजून चालावं.

उतार ओळखायचा कसा

पासची अचूकता, गोलसाठी दिलेले पास, चेंडूवरचा ताबा हे आकडे सर्वांत शेवटी पडतात. अनुभवी खेळाडू डोक्याने खेळतो, त्यामुळे पाय थकले तरी चेंडू त्याच्याकडे असेपर्यंत काही कळत नाही. उतार दिसतो तो चेंडू नसताना.

क्लब धावण्याची नोंद दोन पायऱ्यांत ठेवतात: ताशी १९.८ किलोमीटरच्या वरचं वेगवान धावणं आणि २५.२ किलोमीटरच्या वरची झेप. खेळाडूची तुलना दुसऱ्या कोणाशी करू नका. त्याच्याच गेल्या दोन हंगामांशी, दहा-दहा सामन्यांच्या गटात करा. सर्वोच्च वेग सहसा तसाच राहतो, कमी होते ती झेपांची संख्या. सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत ती आधी कमी होते आणि तीन दिवसांत दुसरा सामना असला की आणखी.

दुखापतींचंही तसंच. एकच मोठी दुखापत कोणालाही होते. पोटरीची आणि मांडीच्या मागच्या स्नायूची छोटी दुखणी किती दिवसांच्या अंतराने परत येतात ते पाहा. ते अंतर आक्रसत गेलं की समजावं. बचावात्मक मधल्या खेळाडूची आणखी एक खूण म्हणजे उशिरा पोचून केलेले फाउल आणि वाढती पिवळी कार्डं. अंदाज बरोबर असतो, पाय अर्ध्या सेकंदाने मागे पडतो.

नाव नव्हे, काम मांडा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. ‘आपल्याला दुसरा क्रूस हवा’ असं म्हणून शोधायला निघालं, तर तो सापडत नाही, कारण तो नसतोच. क्रूस करायचा ती कामं कागदावर मांडा: बचावफळीच्या डाव्या बाजूला खाली येऊन चेंडू घेणं, दडपणाखाली पहिला पास पुढे देणं, चेंडू एका बगलेवरून दुसऱ्या बगलेवर उलटवणं, कोपऱ्यावरच्या आणि फ्री किक घेणं, खेळाचा वेग ठरवणं. आता यातलं कोणतं काम संघातल्या कोणाला जमतं, कोणतं शिकवता येईल आणि कोणासाठी नवा माणूस आणावाच लागेल, अशा तीन राशी करा. एका मोठ्या खेळाडूची कामं बहुधा दोन किंवा तीन जणांत वाटावी लागतात, आणि त्यातलं एखादं काम सोडून द्यावं लागतं. मग खेळण्याची पद्धतच थोडी बदलते. ते प्रशिक्षकाला आधी मान्य असलं पाहिजे.

माद्रिदने पाय बदलण्यात कसर ठेवली नाही. वाल्व्हेर्देला २०१६ मध्ये पेन्यारोलमधून आणून आधी राखीव संघात ठेवलं आणि २०१७-१८ मध्ये देपोर्तिवो ला कोरुन्याला उसना दिला. कामाव्हिंगा २०२१ मध्ये रेनकडून आला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. २०२२ मध्ये चुआमेनीसाठी मोनॅकोला ८ कोटी युरो मोजले आणि त्याच उन्हाळ्यात कासेमिरो गेला. २०२३ मध्ये बेलिंगहॅमसाठी डॉर्टमुंडला १० कोटी ३० लाख दिले. चौघेही धावणारे, ताकदवान, तरुण. २०२४ मध्ये क्रूस चॅम्पियन्स लीग जिंकून निवृत्त झाला. त्याची ८ क्रमांकाची जर्सी वाल्व्हेर्देला मिळाली, पण त्याचं काम कोणालाच मिळालं नाही. त्या उन्हाळ्यातलं मोठं नाव होतं आघाडीपटू एम्बापे. २०२४-२५ मध्ये ला लीगा आणि कोपा देल रे दोन्ही बार्सिलोनाने नेले आणि चॅम्पियन्स लीगमध्ये आर्सेनलने एकूण ५-१ ने घरी पाठवलं. चेंडू मागून पुढे नेणार कोण, हा प्रश्न वर्षभर लोंबकळत राहिला. वयाचा हिशेब जमला होता, कामाचा चुकला.

कराराची शिडी

मोठ्या कागदावर आडवी वर्षं आणि उभी नावं लिहा. ज्याचा करार ज्या जूनमध्ये संपतो तिथे खूण करा. एकाच फळीतल्या दोनपेक्षा जास्त खुणा एकाच जूनखाली आल्या, तर त्यातली एक आजच हलवायला हवी, म्हणजे एकाचा करार वाढवा किंवा एकाला वर्षभर आधी विका.

हे न केल्याचं मोठं उदाहरण म्हणजे २०१२ चा एसी मिलान. त्या एका उन्हाळ्यात नेस्ता, गत्तुसो, सीडॉर्फ, इन्झाघी, झाम्ब्रोत्ता आणि व्हॅन बोमेल सगळे एकदम गेले. वरून इब्राहिमोविच आणि थियागो सिल्व्हा या दोघांना पॅरिस सेंट जर्मेंला विकलं. पुढच्या मोसमात तिसरा क्रमांक मिळाला, तोवर ठीक दिसलं. नंतर आठवा, मग दहावा. चॅम्पियन्स लीगमध्ये परतायला २०२१-२२ उजाडलं. खेळाडूंबरोबर ड्रेसिंग रूमची रीतही गेली, कारण ती शिकवायला कोणी उरलंच नाही.

मँचेस्टर युनायटेडचं दुखणं वेगळं होतं. २०१३ मध्ये फर्ग्युसन विजेतेपद जिंकून निवृत्त झाले आणि स्कोल्सही. वर्षभरात गिग्ज, फर्डिनांड, व्हिडिच, एव्हरा गेले. म्हणजे प्रशिक्षक आणि बचावफळी एकाच दमात बदलली. २०१३-१४ मध्ये गतविजेता संघ सातवा आला. प्रशिक्षक जाणार हे ठाऊक असेल, तर संघातला मोठा बदल त्याच्या आधी उरका किंवा वर्षभर पुढे ढकला.

करारांबाबत एक नियम कायम ध्यानात हवा. शेवटच्या सहा महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करू शकतो आणि १९९५ च्या बोसमन निकालापासून करार संपल्यावर तो फुकट जातो. म्हणून विकायचा निर्णय करार संपायच्या दोन वर्षं आधी घ्यावा लागतो. एक वर्ष उरलं की किंमत घसरते, सहा महिने उरले की ती शून्याकडे जाते.

वारसदार येतो कुठून

चार वाटा आहेत. अकादमी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाची. तिच्यातून दोन-तीन वर्षांत एक खरा नियमित खेळाडू निघाला तरी चांगलं. दुसरी वाट १८ ते २१ वयात विकत घेऊन घरी मुरवण्याची किंवा उसनवारीवर पाठवण्याची. तिसरी २३ ते २५ वयाचा तयार खेळाडू आणण्याची. ती महाग, पण पहिल्या दिवसापासून उपयोगाची. चौथी, आणि तिची लाज वाटायचं कारण नाही, तिशीतला स्वस्त खेळाडू पूल म्हणून आणण्याची.

लिव्हरपूलने २०२३ मध्ये तिसरी आणि चौथी वाट एकत्र वापरली. आदल्या हंगामात त्यांनी मधल्या फळीसाठी फक्त आर्थरला उसना आणला होता. तो सगळा मिळून १३ मिनिटं खेळला आणि संघ पाचवा आला. मग एका उन्हाळ्यात हेंडरसन, फाबिन्यो, मिल्नर, केईता, ऑक्सलेड-चेंबरलेन असे पाच जण गेले. मॅक ॲलिस्टर आणि सोबोस्लाई आले, २१ वर्षांचा ग्राव्हेनबर्ख आला आणि ३० वर्षांचा एंदो. एंदोने पूल सांभाळला. ग्राव्हेनबर्खने पहिलं वर्ष बरंचसं बाकावर काढलं आणि २०२४-२५ मध्ये तोच बचावफळीपुढचा कायमचा माणूस होता. त्या वर्षी लिव्हरपूल लीग जिंकला. एका झटक्यात फळी बदलूनही काम साधलं, ते बचावात व्हॅन डाइक आणि पुढे सलाह जागेवर होते म्हणून. एक फळी उलटवताना बाकीच्या दोन हलवायच्या नसतात.

सर्वांत नीटनेटकं काम मात्र बायर्नचं. लाम २०१७ मध्ये ३३ व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा किमिख दोन वर्षं घरात होता. रॉबेन आणि रिबेरी २०१९ मध्ये गेले, अनुक्रमे ३५ आणि ३६ वर्षांचे. कोमान २०१५ पासूनच आलेला होता. ग्नाब्रीला २०१७ मध्ये घेऊन एक वर्ष होफेनहाइमला पाठवला होता. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये युरोपीय अंतिम सामना झाला. बायर्नच्या दोन बगलांवर कोमान आणि ग्नाब्री होते आणि एकमेव गोल कोमानचा होता.

पैशाचा हिशेब

खेळाडूची खरेदी-किंमत वहीत एकदम खर्ची पडत नाही, ती कराराच्या वर्षांत विभागली जाते. ६ कोटी युरोला पाच वर्षांच्या करारावर घेतलेला खेळाडू दर वर्षी १ कोटी २० लाख खातो. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत २ कोटी ४० लाख उरते. तेव्हा ३ कोटीला विकला तर ६० लाख नफा, दीड कोटीला विकला तर ९० लाख तोटा. युरोपीय फुटबॉलची संघटना युएफाने जुलै २०२३ पासून ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली आहे. त्यामुळे आठ वर्षांचा करार करून खर्च पातळ करण्याची युक्ती आता युरोपीय हिशेबात चालत नाही.

यावरून एक गोष्ट उघड होते. ज्याची वहीतली किंमत शून्याजवळ आली आहे आणि बाजारात अजून मागणी आहे, असा तिशीचा खेळाडू विकण्याची वेळ हीच. कासेमिरो २०१३ मध्ये किरकोळ किमतीत आला होता. ३० व्या वर्षी मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी सुमारे ७ कोटी मोजले. जवळजवळ सगळा नफाच. चाहते हळहळले, पण व्यवहार चोख होता.

आता दुसरी बाजू. ज्येष्ठ खेळाडूचा पगार वर्षाला १ कोटी २० लाख असेल, तर त्याच पैशात ३ कोटी ५० लाखांचा तरुण बसतो: पाच वर्षांत विभागून वर्षाला ७० लाख, वर ५० लाख पगार. शिवाय तरुणाला पुढे विकता येतं. युएफाचा नियम २०२५-२६ पासून खेळाडू-प्रशिक्षकांचे पगार, विभागलेली खरेदी-किंमत आणि एजंटांचं शुल्क मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर जाऊ देत नाही. जुना जड करार हा त्या मर्यादेत अडकलेला दगड असतो.

बार्सिलोनाने २०२० मध्ये नेमकं उलटं केलं. ३० वर्षांच्या प्यानिचला ६ कोटींना घेतलं, ज्याला पुढे विकत घेणारं कोणी नव्हतं. आणि सुआरेझला जवळजवळ फुकट ॲटलेटिको माद्रिदला जाऊ दिलं. त्याने त्या मोसमात २१ गोल करून ॲटलेटिकोला लीग जिंकून दिली. म्हातारा झाला म्हणून काढताना तो थेट प्रतिस्पर्ध्याच्या दारात जाणार नाही, एवढं तरी पाहावं.

तिशीनंतरचा करार

माद्रिदची रीत ठाऊक आहे: तिशी ओलांडली की एका वेळी एकच वर्ष वाढ. २०२१ मध्ये ३५ वर्षांचा रामोस याच मुद्द्यावर गेला. रीत चांगली आहे, पण ती डोळे झाकून लावू नये. मिलाननेही तिशीपुढच्यांना एकच वर्ष देण्याचं धोरण ठेवलं होतं. पिर्लो २०११ मध्ये फुकट युव्हेंतसला गेला आणि तिथे सलग चार विजेतेपदं जिंकला. ज्याचा खेळ पायांपेक्षा डोक्यावर उभा आहे त्याला दोन वर्षं द्यायला हरकत नसते. लिव्हरपूलने एप्रिल २०२५ मध्ये ३२ वर्षांच्या सलाहला आणि ३३ वर्षांच्या व्हॅन डाइकला दोन-दोन वर्षांचे करार दिले, तेव्हा मधल्या फळीचा बदल उरकलेला होता. म्हणून ते परवडलं.

व्यवहारात मधला मार्ग असा: एक वर्ष पक्कं, दुसरं वर्ष ठरावीक सामने सुरुवातीच्या अकरांत खेळला तर आपोआप. मूळ पगार थोडा कमी, सामन्यामागे भत्ता जास्त. एक गोम आहे. अट ‘सुरुवातीच्या अकरांत’ अशी असेल आणि तो आकड्याजवळ पोचला असेल, तर प्रशिक्षकावर त्याला न खेळवण्याचं दडपण येतं, आणि ड्रेसिंग रूमला ते लगेच कळतं. अट मिनिटांवर ठेवली तर हा वाद कमी होतो.

बोलणी डिसेंबरच्या आत करा. पुढच्या वर्षी त्याची जागा काय असेल हे प्रशिक्षकाने तोंडावर, आकड्यासह सांगावं: ‘यंदा २,६०० मिनिटं खेळलास, पुढल्या वर्षी १,६०० धर.’ मोघम बोललेलं मार्चमध्ये वर्तमानपत्रात फुटतं.

मिनिटांचं हस्तांतर

एका जागेची लीगमधली ३,४२० मिनिटं तीन वर्षांत अशी सरकवता येतात: पहिल्या वर्षी ज्येष्ठाला २,५२० आणि तरुणाला ९००, दुसऱ्या वर्षी निम्मी-निम्मी, तिसऱ्या वर्षी उलट. पाच बदली खेळाडूंच्या नियमाने हे पूर्वीपेक्षा बरंच सोपं केलं आहे. ३८ सामन्यांत १९० बदल होतात. प्रत्येक बदलात सरासरी २५ मिनिटं धरली तर ४,७५० मिनिटं झाली, म्हणजे एका पूर्ण जागेच्या मोसमाहून जास्त.

ही मिनिटं वाटताना तरुणाला फक्त ३-० ने पुढे असताना उतरवणं ही नेहमीची चूक. तशी ५०० मिनिटं खेळूनही तो काही शिकत नाही. पहिल्या वर्षी निदान सहा-सात वेळा त्याला बरोबरीत किंवा मागे असताना उतरवा, आणि त्यातल्या काही वेळा ज्येष्ठ खेळाडू शेजारी असताना. दोघांना सतत एकमेकांच्या बदली म्हणून वापरलं तर ते एकत्र खेळतच नाहीत आणि हातोटी हातात येत नाही. तिसऱ्या वर्षी ज्येष्ठाची मिनिटंही निवडून द्या: घरचे सामने, आठवड्यातून एकच सामना असलेले आठवडे, शेवटचा अर्धा तास. मॉड्रिचने माद्रिदमधले शेवटचे दोन मोसम बऱ्याच अंशी असेच काढले.

नोंदणीची यादीही बघावी लागते. युएफाच्या स्पर्धांत मुख्य यादी २५ जणांची. त्यातल्या आठ जागा स्थानिक घडणीच्या, म्हणजे तरुण वयात त्याच देशात घडलेल्या खेळाडूंसाठी, आणि त्या आठांत क्लबातच घडलेले कमीत कमी चार. घरचा ज्येष्ठ गेला आणि जागी परदेशी आणला, की ही संख्या गुपचूप कमी होते. आठ भरले नाहीत तर यादीच लहान होते.

आपल्याकडे: परदेशी खुर्ची आणि रिकामी नऊ क्रमांकाची जागा

इंडियन सुपर लीगमध्ये बदल युरोपसारखा संथ होत नाही. परदेशी खेळाडूंचे करार बहुतेक एक-दोन वर्षांचे, त्यामुळे संघाचा कणा एका उन्हाळ्यात उचलून नेता येतो. २०२० मध्ये एफसी गोवाचे बूमूस, फॉल, जाहू आणि म्हापशाचा मंदार राव देसाई हे सगळे प्रशिक्षक लोबेरांच्या मागोमाग मुंबई सिटीत गेले. तीन मोसमांत ४८ गोल करणारा कोरोही गोव्यातून गेला. गोव्याने त्याच्या जागी इगोर अँगुलो आणला. तोही तरुण नव्हे, मोसमातच ३७ पूर्ण केलेला. त्याने १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, गोवा उपांत्य फेरीत मुंबईकडूनच पेनल्टींवर हरला, आणि पुढच्या वर्षी अँगुलोही मुंबईत! पूल म्हणून आणलेला माणूस एका वर्षात गेला आणि गोव्याला आघाडीची शोधाशोध पहिल्यापासून करावी लागली. ज्येष्ठाच्या जागी ज्येष्ठ आणायचा असेल, तर त्याच्या पाठीमागे बाकावर एक देशी पोर त्याच दिवशी नेमलेला हवा.

२०२१-२२ पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी चालतात. पण क्लब त्यातली एक जागा जवळजवळ नेहमी मुख्य आघाडीपटूला, म्हणजे नऊ क्रमांकाला देतात. परिणाम राष्ट्रीय संघात दिसतो. सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला, मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलवावं लागलं आणि मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला. त्या आयएसएल मोसमात १४ गोलांसह भारतीयांत तोच पहिला होता, वयाच्या चाळिशीत. राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू विकत घेता येत नाही, क्लबांत जी मिनिटं वाटली जातात त्यातूनच त्याला निवडायचं असतं. म्हणून इथे वही क्लबाने स्वतःपुरती ठेवून भागत नाही. देशी नऊ क्रमांकाला क्लबांनी मिळून किती मिनिटं दिली, तो रकाना महासंघाच्या वहीत दर महिन्याला भरला गेला पाहिजे.